पाच वाजेपर्यंतचा ड्राफ्ट

१

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास आशा दोंदे तळमजल्यावर सविताबाई भोयेंच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. सविताबाईंनी आधी चपला पाहिल्या, मग तिचं तोंड पाहिलं आणि गॅस बंद केला.

"ताई, तेजलची फाइल गेली. ड्राफ्टसकट," आशा म्हणाली आणि चौकटीलाच टेकली.

म्हसरूळच्या त्या सोसायटीत कुणाचं काही हरवलं, की माणसं सविताबाईंकडेच येत. सुरगाण्याच्या डोंगरातून आलेली ही बाई ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं हत्यारांच्या भांडारात होती. तिथं संध्याकाळी एक पाना जरी कमी भरला, तरी तो विमानाच्या पोटात राहिला असेल या धास्तीनं अख्खं विमान जागेवर खिळून राही. पाना सापडेपर्यंत साहेबालाही घरी जाता येत नसे. तेव्हापासून बाईंना शोधायची खोड लागली ती लागलीच. बाई तोंडानं फटकळ होत्या, पण शोधायला बसल्या की उठत नसत. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अजून भांडारातला एक पितळी बिल्ला होता, नंबर कोरलेला. निवृत्त होताना तो परत मागायला कारखाना विसरला होता आणि द्यायला बाई विसरल्या होत्या.

"रडू नंतर. आधी सांग, कधीपर्यंत हवीय फाइल?"

"आज पाच वाजेपर्यंत. नाहीतर पोरीची जागा गेली."

जिना चढता चढता आशानं सगळं सांगितलं. तेजलकडे विमान चालवायचं लायसन होतं. त्या लायसनपायी बापाचा फंड आणि ग्रॅच्युइटी कधीच उडून गेली होती. पण प्रवासी विमानात बसायचं, तर त्या त्या जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. टाइप रेटिंग म्हणतात त्याला. ते शिक्षण कंपनी फुकट देत नाही, पैसे उमेदवारानंच भरायचे. एकवीस लाख. त्यासाठी दोंद्यांनी राहता फ्लॅट पतसंस्थेकडे गहाण टाकला होता. शिक्षणसंस्थेच्या नावानं ड्राफ्ट काढून, तो मूळ कागदांच्या फाइलमध्ये घालून, शनिवारी दुपारी कपाटाच्या आतल्या खणात ठेवला होता. काल संध्याकाळी सात वाजता आशानं कपाट उघडलं, तर फाइल नाही.

वर हॉलमध्ये निवृत्ती दोंदे खुर्चीत बसले होते. कारखान्यातले जुने फिटर, सविताबाईंच्या भांडाराच्या खिडकीसमोर चौतीस वर्षं रांगेत उभा राहिलेला माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट आणि चापून बसवलेले केस ही त्यांची ओळख. आज केस विसकटले होते आणि ते तळहातानं सारखे मागे सारत होते.

"पोलिसांत गेलात का, निवृत्तीभाऊ?"

"नाय ताई. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? आन् पैसे कुठं जात नाय. ड्राफ्ट संस्थेच्या नावाचा हाय, दुसऱ्या कुणाला वटायचा नाय. बँकेत इचारलं मी, दुसरा काढून देतेत. पर आठ-दहा दिवस लागतेत."

"आणि तारीख?"

"तारीख आजच हाय," असं म्हणून त्यांनी पुन्हा केसांवरून हात फिरवला.

सविताबाई उभ्याउभ्या विचारात पडल्या. कपाट फोडलेलं नव्हतं. शेजारच्या डबीतल्या सोन्याच्या कुड्यांना कुणी बोट लावलं नव्हतं. एवढं सोडून चोरानं जो कागद नेला, त्याचा त्याला चहाही पिता येणार नव्हता. मग नेला कशाला?

२

"हरवलेली वस्तू सोड," सविताबाई आशाला म्हणाल्या. "ती जिथं होती तिथं काय होतं, ते सांग."

"काय असणार? खण रिकामा होता. म्हणजे आमचा नेहमीचा पसारा. डांबरगोळ्या, सेफ्टी पिना, एक कंगवा, माझ्या काचेच्या बांगड्या. शोधताना सगळं एका डब्यात भरून टाकलं मी."

"किल्ली?"

"टीव्हीवरच्या कापडाखाली. सगळ्यांना ठाऊक आहे."

हे 'सगळे' कोण, तेही निघालं. रविवारी संध्याकाळी तेजलला निरोप द्यायला चहा-चिवड्याचा कार्यक्रम झाला होता. बिल्डिंगमधल्या बायका हॉलमध्येच बसून होत्या. आतल्या खोलीपर्यंत गेलेले बाहेरचे दोघेच. एक ललित, टाइप रेटिंगच्या जागा मिळवून देणारा कॉलेज रोडचा सल्लागार. तो कागद तपासायला आत गेला होता. दुसरा आयुष, तेजलच्याच बॅचचा पायलट. त्याला एक फोन घ्यायचा होता.

"आयुषचा नंबर वेटिंगला पहिला आहे, ताई," आशा हळूच म्हणाली. "तेजलनं नाही भरलं तर जागा त्याला. मी कुणाचं नाव घेत नाही. पण माझ्या जिवाला घोर लागलाय."

तेजल आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. चोवीस वर्षांची पोर, ताठ कण्याची. तिनं प्रत्येक प्रश्नाला नीट, मोजकं उत्तर दिलं. रविवारी कोण कुठं बसलं होतं, कोण कधी उठलं, सगळं पाठ. पण सविताबाईंचं लक्ष कपाटाच्या वर होतं. तिथं नवी कोरी मोठी बॅग होती. दुकानाची चिठ्ठी अजून तिच्या कडीला लोंबत होती.

"परवा ह्या शिक्षणासाठी दिल्लीला जायचं ना गं तुला? बॅग नाही भरलीस?"

"भरीन."

"फाइल गेल्याचं काल सात वाजता कळलं. त्याआधी का नाही भरलीस?"

"वेळ नाही झाला, मावशी."

सविताबाई तिच्याशेजारी बसल्या. "तुला जायचंय ना?"

तेजल खिडकीबाहेर बघत राहिली. खिडकीला जाळी होती आणि जाळीपलीकडे समोरच्या बिल्डिंगची भिंत. "बाबांनी फ्लॅट गहाण ठेवलाय, मावशी," ती म्हणाली.

विचारलं एक आणि उत्तर आलं दुसऱ्याच गोष्टीचं. सविताबाईंना ते खटकलं, पण घड्याळात साडेदहा होत आले होते आणि ललितचं ऑफिस उघडलं असणार होतं.

३

ललितच्या ऑफिसात एसी इतका होता, की सविताबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. भिंतीवर विमानाचं भलंमोठं चित्र, टेबलावर काचेचं विमान, आणि ललितच्या टायवरही छोटं विमान. एवढ्या विमानांत एकही उडणारं नव्हतं.

"मॅडम, मी कशाला फाइल घेऊ?" ललित हसून म्हणाला. "मला तर पाच वाजता सीट फुल हवी, बस. तेजल आली काय, दुसरं कुणी आलं काय, माझं कमिशन सेम. बिलीव्ह मी, मी तर तिच्याच साइडनं आहे."

"मुदत दोन दिवस वाढव मग."

"नो चान्स. बॅच लॉक होते."

"तुझा तो करार दाखव जरा."

त्यानं कुरकुरत कोरी प्रत पुढं केली. सविताबाईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. घाईत सही करणारी माणसं त्यांनी भांडाराच्या खिडकीतून पुष्कळ पाहिली होती. सगळी रक्कम आगाऊ. सिम्युलेटरच्या, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानातल्या परीक्षेत नापास झालं, तर जादा तासांचे पैसे वेगळे. पास झालं, तर विमान कंपनी 'गरजेनुसार' बोलावणार. बोलावलंच, तर पाच वर्षं सोडून जायचं नाही, त्यासाठी कोरे चेक आधीच सही करून द्यायचे. आणि नाहीच बोलावलं तर काय, याबद्दल त्या अकरा पानांत एक ओळही नव्हती.

"म्हणजे एकवीस लाख देऊन नोकरी मिळते असं नाही."

"मॅडम, नोकरीचा चान्स मिळतो," ललित म्हणाला. "आणि ही पोरं थांबून करणार काय? लायसनवर आधीच पन्नास लाख लावून बसलीत. आता मागं कोण फिरणार?"

त्याच्या तोंडावर चार शब्द फेकावेत असं सविताबाईंना फार वाटलं. पण ललितचा हिशेब सरळ होता. फाइल गायब करून त्याला दमडीचा फायदा नव्हता, उलट डोक्याला ताप होता. त्या उठल्या.

"तेजलचं टेन्शन मला नाही," मागून ललित म्हणाला. "आयुषचा ड्राफ्ट तयार आहे. कालच दुपारी त्यानं मला फोटो पाठवला."

सविताबाई दारातच थबकल्या. काल दुपारी? फाइल गेल्याचं घरच्यांना कळलं काल संध्याकाळी सात वाजता. जागा रिकामी होणार हे आयुषला दुपारीच कसं कळलं?

४

आयुषच्या वडिलांचा पंचवटीच्या भाजीबाजारात टोमॅटोचा गाळा होता. पोरगा तिथंच क्रेटवर बसून पावत्या फाडत होता. दोनशे तास विमान चालवलेला पोरगा. सविताबाईंना बघून तो उठला आणि रुमालानं क्रेट पुसून त्यांना बसायला दिला.

"ड्राफ्ट काल दुपारी काढलास तो कशाच्या भरवशावर?" बाईंनी सरळच विचारलं.

"वेटिंगवाल्यांनी शेवटच्या दिवशी तयार राहायचं, असा नियम आहे, मावशी. दोन वेळा असाच काढला आणि दोन्ही वेळा रद्द केला. दर वेळी बँकेचं कमिशन बुडालं." त्यानं खिशातून दोन जुन्या पावत्या काढून दाखवल्या. तारखा गेल्या जूनच्या आणि जानेवारीच्या होत्या. "तुम्हाला काय वाटलं, मी तेजलची फाइल उचलली?"

"तू आत गेला होतास."

"फोन घ्यायला. मयूरचा फोन होता." तो जरा घुटमळला. "त्यानंतर काकांनी मला गच्चीवर बोलावलं. म्हणाले, कुणाशी एवढा वेळ बोलत होतास? मग मी सांगितलं."

मयूर त्यांचा सीनियर. दीड वर्षापूर्वी त्यानं हेच टाइप रेटिंग केलं, याच ललितकडून. पास झाला. कंपनीनं बोलावलंच नाही. रेटिंग जिवंत ठेवायचं, तर पुन्हा पुन्हा पैसे भरून सिम्युलेटरची परीक्षा द्यावी लागते. एकदा दिली, दुसऱ्यांदा द्यायला काही उरलं नाही. आता तो सटाण्याला मामाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो. त्यांचं घर गेल्या महिन्यात पतसंस्थेनं सील केलं.

"काका काय म्हणाले?"

"गच्चीच्या कठड्याला धरून उभे राहिले. मग मलाच म्हणाले, तेजलला सांगू नको."

"आणि हे सगळं ठाऊक असून तू आज भरणार?"

आयुष हसला. ते हसू बघवत नव्हतं. "मावशी, मी लायसन घेऊन टोमॅटो विकतोय. येणारा प्रत्येक माणूस वडलांना विचारतो, पायलट घरीच का? मागं फिरायला वाट कुठंय? पुढंच जायचं, भिंत असली तरी."

समोर एक हमाल आला. त्याला गाळ्यावरची हातगाडी हवी होती. बोलला नाही, विचारलं नाही. छातीवरचा आपला बिल्ला काढला, हातगाडी जिथं टेकवली होती तिथल्या खिळ्याला अडकवला आणि गाडी घेऊन चालता झाला.

"हे काय?"

"गाडी कुणाकडं गेली ते कळायला," आयुष म्हणाला. "आणून लावली की बिल्ला घेऊन जातो."

सविताबाईंचा हात आपोआप कमरेच्या जुडग्यावर गेला. त्या बराच वेळ त्या खिळ्याकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी रिक्षाला हात केला. चोर त्यांना कळला होता, आणि उभ्या आयुष्यात एखादी वस्तू सापडल्याचं एवढं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

५

साडेतीन वाजले होते. हॉलमध्ये आशा, तेजल आणि निवृत्तीभाऊ बसले होते.

"आशा, तो पसाऱ्याचा डबा आण," सविताबाई म्हणाल्या. त्यांनी डबा चटईवर उपडा केला, बांगड्या आणि पिना बाजूला सारल्या आणि एक काळा, खिशात मावणारा कंगवा उचलून टीपॉयवर ठेवला.

"कुणाचा हा?"

"ह्यांचा," आशा म्हणाली. "ह्यांना कुठंही टाकायची सवय."

"चौतीस वर्षं बघतेय मी ह्या माणसाला. ह्यानं कधी काही कुठं टाकलेलं नाही." सविताबाईंनी जुडग्यातला पितळी बिल्ला काढून कंगव्याशेजारी ठेवला. "आमच्या भांडारात प्रत्येक हत्याराला भिंतीवर ठरलेली जागा होती. खिडकीवर सही करून आत यायचं आणि पाना उचलला, की त्या रिकाम्या जागी आपल्या नंबरचा बिल्ला अडकवायचा. मग बघणाऱ्याला कळतं, पाना गेलाय आणि कुणाकडं गेलाय. दिवसातून वीस वेळा, चौतीस वर्षं. असला हात एखादी वस्तू उचलून जागा रिकामी ठेवू शकत नाही. बिल्ला कारखान्यानं परत घेतला, म्हणून हातानं खिशात सापडलं ते ठेवलं. डोक्याला पत्ताही नव्हता. आणि परवापासून केस हातानं बसवताय, निवृत्तीभाऊ."

निवृत्तीभाऊंचा केसांकडे निघालेला हात मधेच थांबला.

"आणखी एक. सकाळी नऊला तुम्ही मला म्हणालात, बँकेत विचारलं. फाइल गेल्याचं कळलं काल सातला. बँक तेव्हा बंद, आज उघडते दहाला. विचारलंत कधी? काल सकाळीच ना? फाइल गेल्याचं कुणाला माहीत नव्हतं तेव्हा. पैसे बुडणार नाहीत याची खात्री करून घेतलीत. तुम्हाला पैसे नको होते. तुम्हाला फक्त आजचे पाच वाजून जायला हवे होते."

आशा नवऱ्याकडे बघतच राहिली. "अहो, ताई काय म्हणतायत?"

निवृत्तीभाऊ उठले. बाल्कनीतल्या पत्र्याच्या जुन्या हत्यारपेटीतून त्यांनी निळी फाइल काढली आणि टीपॉयवर ठेवली.

"मयूरला कंपनीनं बोलावलंच नाय, घरबी सील झालं, आयुषनं सांगितलं मला," ते म्हणाले. "घर गेलं तर जाऊ दे, पर पोरगी त्या करारात अडकली तर कोण सोडवणार? म्हटलं सांगावं. पर कुठल्या तोंडानं? पाच वर्षांची असताना मीच हिला कुंपणापाशी उभी करून विमानं दाखवली. मीच म्हणलो, बाळा, तू चालवशील. सगळ्या बिल्डिंगीला पेढे वाटले. आता मीच म्हणू, नको जाऊ? ते काय मला जमलं नाय."

"मला तरी सांगायचं," आशाला रडू फुटलं. "कालपासून माझा जीव टांगणीला लागलाय. त्या बिचाऱ्या आयुषवर संशय घेतला मी."

सविताबाईंनी घड्याळ बघितलं. "चार वाजतायत. कॉलेज रोडला जायला पाऊण तास पुरे. फाइल सापडली, माझं काम झालं. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. पण तेजल, तुला एक विचारते. तू ह्या घरातली सगळ्यात नेटकी पोर, आणि कालपासून एक उशीसुद्धा उचलून बघितली नाहीस. का गं?"

तेजलनं कंगवा उचलला.

"सोमवारी सकाळी मी कपाट उघडलं होतं," ती म्हणाली. "आईच्या आधी. फाइल नव्हती, हा होता. लहानपणी बाबांची टॉर्च घेतली की त्या जागी माझी हेअरक्लिप ठेवायची, असा आमचा खेळ होता. बघितल्या बघितल्या कळलं मला."

"आन् तू गप्प बसलीस?" निवृत्तीभाऊंनी विचारलं.

"बाबा, मला उडायचंय. पण महिनाभर मी झोपून छताकडे बघत मोजतेय. सिम्युलेटरमध्ये एक चूक झाली तर स्वयंपाकघर गेलं, दुसरी झाली तर हा हॉल गेला. असं मोजत कुणी विमान चालवतं का? तुम्ही सही करून आलात तेव्हा इतके खूश होतात, मला नाही म्हणता आलं नाही. कंगवा बघितला आणि बरं वाटलं. म्हटलं, पाच वाजू देत. कुणालाच काही बोलावं लागणार नाही."

बाप-लेक दोघंही एकमेकांना दुखवू नये म्हणून दार लावून आत बसले होते. सविताबाईंना हसावं की दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावा, ते कळेना.

"मग आता?" आशानं डोळे पुसत विचारलं.

"फ्लाइंग क्लबच्या सरांनी मला शिकवायला बोलावलंय. त्या कोर्सलाही पैसे लागतात, पण घर लागत नाही. पगार थोडा आहे, तास वाढतील. पुढचं पुढं बघू." तेजल फाइल घेऊन आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं कंगवा बापाच्या हातात दिला. "फाइल जागेवर जमा. हा तुमचा बिल्ला. उद्या बँकेत जाऊन ड्राफ्ट रद्द करू."

मग तिनं येत नसल्याचं ललितला कळवलं आणि आयुषला फोन लावला. तो उचलत नव्हता. तिनं चार वेळा लावला. पाचला दोन मिनिटं कमी असताना त्याचाच आला आणि तिनं स्पीकर लावला.

"ललितनं सांगितलं, तू येत नाहीयेस," पलीकडून आयुष म्हणाला. मागं एसीची घरघर ऐकू येत होती. "भरला मी ड्राफ्ट. आत्ताच पावती मिळाली."

"आयुष, भरू नकोस हेच सांगायला मी—"

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "राहू दे. बॅग घ्यायची आहे, तुझी नवी पडून असेल तर देतेस का?"

तेजल आत जाऊन खुर्चीवर चढली, कपाटावरची कोरी बॅग तिनं खाली काढली आणि दुकानाची चिठ्ठी तोडली. निवृत्तीभाऊंनी कंगवा केसांतून फिरवला नाही. खिशात ठेवला, आणि खिशावर हात ठेवून ते तसेच बसून राहिले.